राजाचे चित्र आणि कोल्हा : ख्रिस्ती विश्वासाच्या राखणीचा प्रश्न

अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे कोणताही धर्मपंथ. निंदेचा भाव त्या शब्दाला पुढे चिकटला आणि त्यातून मराठीतला ‘पाखंड’ घडला. ख्रिस्ती परंपरेत याच अर्थाने रूढ झालेल्या ‘हायरेसिस’ या ग्रीक शब्दाचा प्रवासही जवळजवळ असाच आहे. त्याचा मूळ अर्थ ‘निवड’, त्यावरून ‘मतपंथ’. आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात तो सदूकी व परूशी या यहुदी पंथांसाठी तर येतोच, पण खुद्द ख्रिस्ताच्या अनुयायांनाही विरोधक त्याच शब्दाने ओळखतात. पुढे जेव्हा त्याला दोषाचा अर्थ आला, तेव्हा तो परधर्मीयांसाठी नव्हे, तर ख्रिस्ताचेच नाव घेऊन आणि शास्त्रवचनेच पुढे करून सुवार्तेचा आशय पालटणाऱ्या शिकवणीसाठी राखला गेला. सैतान प्रकाशदूताचे सोंग घेतो, हा पौलाचा इशाराही त्याच जातीचा आहे, कारण उघड शत्रूला सोंग घ्यावे लागत नाही.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की शब्द तेच, ग्रंथ तोच आणि भक्तीचा आवही तोच असताना खरे-खोटे पारखायचे कशाने? सर्वांत जुन्या मंडळ्यांचे उत्तर आश्चर्य वाटावे इतके व्यवहारी होते. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी रचलेली, पुढे लुप्त झालेली आणि १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका हस्तलिखितात पुन्हा सापडलेली ‘दिदाखे’, म्हणजे ‘शिकवण’, ही पुस्तिका गावोगाव फिरणाऱ्या उपदेशकांविषयी नियम घालून देते : आलेल्याचे स्वागत करावे; तो एक दिवस, फार तर दोन दिवस राहील; तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही, तर तो खोटा संदेष्टा समजावा; निघताना त्याने वाटेपुरती भाकर घ्यावी, पैसे मागितले तर तोही खोटा. आत्म्याच्या प्रेरणेने जेवणाचे ताट मांडायला सांगून त्यावर स्वतःच बसणाऱ्याचीही तीच गत, हा नियम लिहिणाऱ्याने असे एखादे ताट पाहिलेले असावे असे वाटल्यावाचून राहत नाही. मात्र हीच पुस्तिका आत्म्याने बोलणाऱ्या संदेष्ट्याची त्या क्षणी परीक्षा घेण्यास मनाई करते आणि कसोटी त्याच्या वागणुकीवर नेऊन ठेवते, कारण समाधीतले शब्द कोणालाही तपासता येत नाहीत, पण मुक्कामाचे दिवस सगळ्या गावाला मोजता येतात.

अर्थात सदाचारी माणसाची शिकवणही चुकीची असू शकते, आणि तेथे वागणुकीची कसोटी अपुरी पडते. ख्रिस्ताचे शरीर केवळ भासमान होते, त्याने खरोखर दुःख भोगले नाही, असे सांगणाऱ्या मताला आभासवाद म्हणतात. योहानाच्या पहिल्या पत्रात आत्म्यांची परीक्षा करण्यास सांगून, ख्रिस्त देहाने आला हे कबूल करणे हीच त्या परीक्षेची खूण ठरवली आहे, ती अशाच मतांना समोर ठेवून. दुसऱ्या शतकात ज्ञानवादी गुरूंनी त्याहून मोठा पेच टाकला. सामान्य श्रद्धाळूंना ठाऊक असलेली कथा वरवरची असून तिचे गूढ रहस्य प्रेषितांनी मोजक्या शिष्यांच्या कानात सांगितले होते, असा त्यांच्यापैकी व्हॅलेंटिनस या गुरूच्या परंपरेतल्यांचा दावा होता. इ.स. १८०च्या सुमारास लियोंचा बिशप इरेनेयस याने त्यांच्याविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात एक अविस्मरणीय दृष्टांत दिला : कुशल कारागिराने रत्ने जडवून राजाचे चित्र घडवावे, मग दुसऱ्याने तीच रत्ने उचकटून त्यांचा कोल्हा मांडावा आणि राजा तो हाच म्हणून भोळ्यांना दाखवावा. रत्न एकही खोटे नसते, खोटी असते ती मांडणी. म्हणून सुटी वचने किती जमवली यावरून काहीच सिद्ध होत नाही. मूळ चित्र ज्याला ठाऊक आहे त्यालाच फसवणूक दिसते. ते चित्र म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येकाला उघडपणे शिकवले जाणारे विश्वासाचे सूत्र, ज्याला इरेनेयस ‘सत्याचा नियम’ म्हणतो. प्रेषितांकडे काही रहस्य असतेच, तर ज्यांच्या हाती त्यांनी मंडळ्या सोपवल्या त्यांच्यापासूनच ते लपवले, हे कसे संभवेल, हा त्याचा सवाल आजही बिनतोड आहे.

याच इरेनेयसने पुनरुत्थानाच्या सणाची तिथी वेगळी धरणाऱ्या आशियातील मंडळ्यांना बहिष्कृत करू पाहणाऱ्या रोमच्या बिशप व्हिक्टरला आवरते घेण्याची विनंती केली, ही गोष्ट राखणदारीच्या चर्चेत हवी तितकी आठवली जात नाही. प्रत्येक भेद म्हणजे पाखंड नव्हे, हे त्याला कळत होते. शिक्षेचीही तेव्हा एक मर्यादा होती : जुना करार आणि त्यातील देव दोन्ही नाकारणाऱ्या मार्शियनला रोमच्या मंडळीने १४४च्या सुमारास बाहेर काढले, तेव्हा त्याने दिलेले दोन लाख सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, त्याला परत केले आणि प्रकरण तेथे संपले. चौथ्या शतकात सत्ता ख्रिस्ती झाल्यावर ही मर्यादा सुटली. प्रिसिलियन या स्पॅनिश बिशपला ट्रियर येथे ३८५च्या सुमारास बादशहाच्या आज्ञेने मृत्युदंड झाला. तूरचा बिशप मार्टिन याने तो टाळण्यासाठी रदबदली केली, ती व्यर्थ गेली. गोव्यात १५६०पासून, मधली काही वर्षे वगळता, १८१२पर्यंत चाललेले धर्मन्यायालय त्याच वाटेवरचे होते, आणि गव्हातले निदण कापणीपर्यंत वाढू द्या, या येशूच्या दृष्टांताशी त्याची सांगड घालणे कोणत्याही भाष्यकाराला जड जाईल.

बळ नसले तरी अधिकाराचा दाब उरतोच, आणि मराठीतले त्याचे सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्रैक्यासारख्या सिद्धांतांविषयी त्यांनी विचारलेल्या प्रश्नांनी तेथील मठात त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या सिस्टर जेराल्डीन चिंतित झाल्या. नवख्या शिष्येने चर्चच्या शिकवणीपुढे नम्र व्हावे असे त्यांना वाटे, तर पुरोहितांच्या एका जोखडातून सुटून दुसऱ्याखाली मान घालणे रमाबाईंच्या सदसद्विवेकाला मान्य नव्हते. सिस्टरांची काळजी खोटी नव्हती. मूळ चित्र एकट्याने ओळखता येत नाही, हा त्यांचा मुद्दा इरेनेयसनेही उचलून धरला असता. पण बिरुयातील श्रोत्यांनी खुद्द पौलाचे म्हणणेही शास्त्राशी रोज ताडून पाहिले आणि त्याबद्दल नव्या करारात त्यांची प्रशंसाच आहे, हेही तितकेच खरे. रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सामान्य मराठी बायकांना समजेल अशा भाषेत संपूर्ण बायबलचे भाषांतर करीत राहिल्या. १९२२ मध्ये त्या वारल्या, आणि ते भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनने दोन वर्षांनी प्रसिद्ध केले.