आफ्रिकेची तूर

मुलांना जगाचा भूगोल घरी शिकवायचा म्हटलं की ठरलेलं साहित्य बाहेर येतं. पृथ्वीगोल, झेंड्यांचे पत्ते, देशोदेशीच्या मुलांची चित्रं असलेली जाड पानांची पुस्तकं, आणि हल्ली युट्यूब. जपानची मुलगी किमोनोत, केनियाचा माणूस हातात भाला घेऊन, सगळे हसतमुख. ही पुस्तकं वाईट नसतात. पण त्यांतल्या कुणाशीच आपल्या घराचं काही देणंघेणं नसतं, म्हणून त्या सगळ्यांवर प्रेम करणं सोपं जातं. मला पडलेला प्रश्न त्यापुढचा आहे. ज्या लोकांशी आपल्या घराचा पैशाचा संबंध आहे, आणि तोही असा की त्यांचा माल आला की आपला भाव पडतो, त्यांच्याविषयी घरातल्या मुलांना काय सांगायचं?

माझा भाऊ आणि वहिनी नांदेडला राहतात. नऊ वर्षांच्या मुलीला ते गेली दोन वर्षं घरीच शिकवतात. पुढे एनआयओएसची परीक्षा देता येईल, असा त्यांचा हिशोब आहे. नातेवाइकांना हे वेड वाटतं, आणि ते साहजिक आहे. शेजारच्या लातूरने 'पॅटर्न' दिला, डॉक्टर-इंजिनिअर घडवले, मीही त्याच रांगेतून बाहेर पडलो. त्या रांगेत भूगोल हा दहावीला मार्क मिळवून टाकून द्यायचा विषय असतो. पुतणीच्या जगाचा भूगोल मात्र माझ्याकडे आला. काका पुण्यात दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो, त्याला सगळं सापडतं, एवढीच माझी पात्रता. दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असतो.

आमची शेती अहमदपूर तालुक्यात. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक, वाण बदनापूरचं बीडीएन-७११. पुतणीने आफ्रिका हा शब्द पुस्तकाच्या आधी ऐकला तो तिच्या आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडून. "आफ्रिकेची तूर उतरली, आता कशाचा भाव लागतोय." त्या रविवारी तिने मला विचारलं, "काका, आपली तूर अजून शेतात उभी आहे, मग त्यांची आधीच कशी काय आली?"

भूगोलाचा इतका चांगला प्रश्न मला शाळेत कुणी विचारल्याचं आठवत नाही. मोझांबिक पूर्ण विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. तिथला पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. तूर त्या पावसावर पेरली जाते, आपल्या पावसाळ्याच्या शेवटी काढली जाते, आणि मराठवाड्यातली तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात येण्याआधी आपल्या बंदरांवर पोचते. पृथ्वीचा कललेला आस, ऋतूंचा उलटा क्रम, हिंदी महासागर, हे सगळं त्या एका प्रश्नात आहे. पुढचा धडा आबांच्या फोनवरच्या बाजारभावांतून निघाला. 'लेमन' तूर म्यानमारची. 'अरुषा' हे टांझानियातलं, किलिमांजारोच्या बाजूचं शहर. व्यापाऱ्यांचा नकाशा पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा तपशीलवार निघाला. शाळेत आधी घर, मग गाव, जिल्हा, राज्य, देश आणि सगळ्यात शेवटी जग अशी वर्तुळं काढतात. तुरीच्या बाबतीत मोझांबिकमधले झांबेझिया आणि नाम्पुला हे प्रांत आम्हाला नाशिकपेक्षा जवळचे आहेत. (तूर मूळची भारतातलीच, इथून ती तिकडे गेली. आणि १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयकडे होता. हे दोन्ही तिला फार आवडलं.)

इथवर शिकवणं आनंदाचं होतं. मग ती म्हणाली, "त्यांची तूर बंद नाही का करता येत?"

येते, आणि करूनही झाली आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळीत २०० रुपये किलोच्या घरात गेली आणि शहरांत ओरड झाली. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला: एक लाख टनांपासून सुरुवात करून पाच वर्षांत दोन लाख टनांपर्यंत तूर घेऊ. तिथल्या छोट्या शेतकऱ्यांनी ती पेरली. ते तूर पिकवतात ती मुख्यतः आपल्यासाठीच. त्याच वर्षी आपल्याकडे पाऊस चांगला झाला आणि तुरीचं विक्रमी पीक आलं. हमीभाव ५,०५० रुपये, बाजारात त्याहून कमी, खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरच्या रांगा आणि आत बारदाना नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने आयातीवर मर्यादा घातली. करारामुळे मोझांबिकचा कोटा कागदावर राहिला, तरी तिथले भाव कोसळले आणि शेतकऱ्यांच्या घरात माल पडून राहिला. २०२१ पासून आयात पुन्हा मोकळी झाली.

ही हकिगत नऊ वर्षांच्या मुलीला कशी सांगायची? 'तेही आपल्यासारखेच गरीब शेतकरी, आपण सगळे भाऊ' असं म्हणून मोकळं होता येतं. हे खरं आहे, पण आबांच्या नुकसानीचा हिशोब त्यात कुठेच येत नाही, आणि मुलांना ते कळतं. किंवा आबांची बाजू घेता येते. तीही खरी आहे, पण मग तिच्या मनात आफ्रिका म्हणजे आपल्या ताटातलं ओढून नेणारा कुणीतरी, एवढंच राहील.

घरी शिकवण्याची खरी अडचण मला इथे दिसते. शाळेतल्या शिक्षकाचं मोझांबिकशी काही वाकडं नसतं. तो लोकसंख्या, राजधानी आणि प्रमुख पिकं सांगून पुढे जाऊ शकतो. घरातला शिक्षक तटस्थ नसतो. शिवाय शिकवायला बसण्याच्या कितीतरी आधीपासून घर शिकवतच असतं. नांदेडच्या मुलांना पंजाबी संस्कृतीचा वेगळा धडा लागत नाही. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथेच देह ठेवला, तेव्हापासून पंजाब या गावात येतो आहे. हजूर साहिबच्या लंगरमध्ये आपण जेवतो, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले शीख आपल्याशी मराठीत बोलतात. आणि घरी येऊन आपण सरदारजींचे विनोद सांगतो. मुलांच्या लक्षात लंगर राहतो की विनोद, हे पालकांनी छातीवर हात ठेवून सांगावं.

म्हणून तटस्थतेचं सोंग आणू नये, असं माझं मत झालं आहे. आपला स्वार्थ मुलांपासून लपवू नये, तो नकाशावरच मांडावा. मी पुतणीला सांगितलं की आफ्रिकेची तूर आली की आबांचे पैसे कमी होतात; पुण्यात मी डाळ विकत घेतो, ती मला स्वस्त पडते; आणि तूर बंद केली की तिकडच्या कुठल्यातरी आबांचे पैसे कमी होतात. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "म्हणजे तुम्ही आबांच्या बाजूने नाही?" मी म्हटलं, बाजूने आहे, पण डाळ विकत घेताना नसतो. हे उत्तर तिला पटलं नाही. मलाही ते अपुरंच वाटतं.

ॲडम स्मिथचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. युरोपातल्या सज्जन माणसाला कळलं की चीन भूकंपात गडप झाला, तर तो हळहळेल, चार गंभीर वाक्यं बोलेल आणि रात्री शांत झोपेल. पण उद्या आपली करंगळी कापली जाणार आहे हे कळलं, तर त्याला झोप लागणार नाही. हे उदाहरण लातूर जिल्ह्यात वाचणं वेगळं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या दिवशी बाकीच्या जगासाठी तो लांबचा देश आपण होतो. तरी मदत आली, पुनर्वसनाला जागतिक बँकेचा पैसा आला. ज्यांना लातूर नकाशावर दाखवता आलं नसतं, असे लोक इथे येऊन राबले. मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळाने मोझांबिकचं बैरा शहर उद्ध्वस्त केलं, तेव्हा भारतीय नौदलाची जहाजं मदतीला गेली होती. ज्यांची तूर आपण दोन वर्षांपूर्वी अडवली, त्यांच्याच किनाऱ्यावर. पुतणीला ही विसंगती वाटली नाही. "तूर वेगळी आणि वादळ वेगळं," ती म्हणाली. स्मिथच्या सज्जन माणसाला हा भेद करावा लागला नव्हता, कारण चीनशी त्याचं तुरीचं भांडण नव्हतं.

आबांना हे सगळं शिक्षण फारसं मान्य नाही. "पोरीला सगळं सांग, पण हमीभाव काय असतो तेबी सांग," एवढंच ते म्हणाले. बरोबर आहे. खरेदीत कमी पडलेलं सरकार नकाशावर दिसत नाही, आणि मोझांबिक दिसतं, म्हणून राग तिकडे जातो. त्यामुळे एक रविवार हमीभावाला दिला.

आता म्यानमारची पाळी आहे. तिथली तूर मध्य भागातल्या कोरड्या पट्ट्यात होते, सगाइंग, मॅग्वे, मंडाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि हाच मुलूख यादवी युद्धात होरपळला. त्याच वर्षी जूनमध्ये भारताने म्यानमारकडून पाच वर्षं, दरवर्षी एक लाख टन तूर घ्यायचा करार केला. ती घेतली तर पैसा कुणाकडे जातो, नाही घेतली तर तिथला शेतकरी काय खातो, आणि दोन्हींत आबांच्या तुरीला काय भाव मिळतो, हे तिन्ही प्रश्न ती विचारणार. पहिल्या दोघांची उत्तरं मी शोधतो आहे. तिसऱ्यासाठी आबांनाच कॉलवर बसवायचं ठरलंय.