कॅमेरा कार आणि गतीचा साक्षी

धावत्या गाडीचे जवळून चित्रीकरण करायचे तर कॅमेराही धावता ठेवावा लागतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २० मीटर अंतर कापते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला ती येताना आणि जाताना दिसते, पण चालकाचा चेहरा टिपायला सवड मिळत नाही. म्हणून दुसऱ्या गाडीवर कॅमेरा बसवून ती पहिलीच्या बरोबरीने चालवतात. हीच कॅमेरा कार. समोरच्या गाडीच्या चकचकीत पत्र्यात तिचे प्रतिबिंब पडू नये म्हणून तिला बहुधा चमक नसलेला काळा रंग देतात. छतावर फिरती क्रेन असते आणि क्रेनच्या टोकाला, रस्त्याचे हादरे कॅमेऱ्यापर्यंत पोचू न देणारे जायरो-हेड. युक्रेनच्या अनातोली कोकुश यांनी विकसित केलेली ‘रशियन आर्म’ ही या प्रकारातली सर्वांत नावाजलेली क्रेन. ‘ल मॉं’ (१९७१) या चित्रपटासाठी तर कॅमेरे लावलेली पोर्शे ९०८ ही गाडी १९७० च्या ल मॉंच्या प्रत्यक्ष २४ तासांच्या शर्यतीतच उतरवली होती.

या तंत्रातून तत्त्वज्ञानातले तीन जुने प्रश्न नव्याने समोर येतात. गती धावणाऱ्या वस्तूची असते की पाहणाऱ्याशी असलेल्या तिच्या नात्याची? जे घडताना दिसते त्याचा कर्ता कोण? आणि हे सारे पाहणारा स्वतः अचल असतो का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावरच सापडते. दोन्ही गाड्या सारख्या वेगाने, सारखे अंतर राखून धावू लागल्या की फ्रेममधली गाडी जागची हलत नाही. सेकंदाला २४ चौकटी आणि प्रत्येक चौकटीसाठी १/४८ सेकंद प्रकाश, असे नेहमीचे गणित धरले तर ताशी ७२ किलोमीटर वेगाला तेवढ्या वेळात कॅमेरा सुमारे ४२ सेंटिमीटर पुढे सरकतो. गाडीही तितकीच सरकते, म्हणून तिची कड रेखीव उमटते. रस्त्याकडेचा खांब मात्र जमिनीत घट्ट रोवलेला असूनही पुसट पट्ट्यासारखा दिसतो. जे धावते ते स्थिर आणि जे स्थिर ते धावते, अशी ही उलटापालट आहे. मागे खांब, झाडे, कठडे असे काहीच नसेल, नुसते मोकळे माळरान आणि आकाश असेल, तर वेगही जाणवत नाही. म्हणून छायाचित्रणकार कॅमेरा रस्त्यालगत खाली आणतात किंवा जवळून सरकणारे काहीतरी चौकटीत राहील असे पाहतात.

चाकांचा पुरावाही भरवशाचा नाही. घेर दोन मीटर आणि आरे पाच असलेले चाक ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाला दर चौकटीमागे बरोबर एका आऱ्याचे अंतर फिरते. एका आऱ्याच्या जागी दुसरा येतो आणि चाक थांबल्यासारखे वाटते. वेग किंचित कमी झाला की तेच चाक उलटे फिरताना दिसते.

भारतीय परंपरेने हा विचार नावेच्या दृष्टांतातून मांडला. आर्यभटाने ‘आर्यभटीया’त (इ. स. ४९९) पृथ्वीचे परिवलन समजावताना म्हटले, की पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. गॅलिलिओने १६३२ मध्ये जहाजाच्या बंद खोलीचा दाखला दिला. जहाज एकसारख्या गतीने चालले असेल, तर आतल्या कोणत्याही प्रयोगावरून ते चालते की उभे आहे हे ठरवता येत नाही. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन याहून पुढे गेला. ‘मूलमध्यमककारिके’च्या दुसऱ्या प्रकरणात त्याने दाखवले, की जाणारा आणि जाणे यांना एकमेकांपासून वेगळे काढून कोणालाच स्वतंत्र सत्ता देता येत नाही. कॅमेरा कारचा अनुभव गॅलिलिओला पुरता दुजोरा देतो. नागार्जुनाचे म्हणणे मात्र केवळ सापेक्ष वेगाबद्दल नाही, वस्तूंच्या स्वभावाबद्दल आहे. ते चित्रीकरणाने सिद्ध होत नाही, फक्त समजायला सोपे होते.

शंकराचार्यांनी नावेचा दृष्टांत गीतेच्या चौथ्या अध्यायातील कर्म-अकर्माच्या श्लोकावर भाष्य करताना वापरला आणि त्याला दुसरी बाजू जोडली. नावेतल्या माणसाला अचल झाडे चालताना दिसतात, तशाच दूरवरच्या चालत्या वस्तू थांबलेल्या वाटतात. अक्रिय आत्म्यावर कर्म लादणे आणि चाललेल्या कर्माला अकर्म समजणे, असे दोन्ही भ्रम या दृष्टांतात येतात. ज्ञानेश्वरांनीही त्याच श्लोकाच्या विवरणात नाव आणि काठावरची झाडे मराठीत आणली. प्रश्न इथे गतीवरून कर्तेपणाकडे वळतो.

चित्रीकरणात कर्तेपणाची ही फसगत रोजची आहे. नट संवाद म्हणत गाडी चालवतो असे दिसते, तेव्हा बहुतेकदा त्याची गाडी ट्रकने ओढलेल्या लो-लोडरच्या सखल फलाटावर बांधलेली असते. तो स्टिअरिंग फिरवतो, पण वळतो ट्रकवाला नेईल तिकडे. काही रिगमध्ये चालकाची जागा गाडीच्या टपावर केलेली असते आणि खरा चालक फ्रेमच्या बाहेर बसून गाडी हाकतो. स्टुडिओत तर गाडी जागेवरच उभी राहते आणि मागच्या पडद्यावर रस्ता पळतो. तिथे नावेचा दृष्टांत उलटा होतो, कारण झाडांचे चित्र खरोखर सरकत असते आणि प्रेक्षक त्यावरून उभी गाडी धावते असे ठरवतो. ‘मी चालवतो’ असे ज्याच्याकडे पाहून वाटते तो चालवत नाही, एवढा भाग वेदान्ताशी जुळतो. पण साम्य इथेच संपते. नटाच्या जागी दुसरा माणूस चालक असतो आणि अपघात झाल्यास जाब त्यालाच द्यावा लागतो. वेदान्तात कर्म प्रकृतीचे गुण करतात, आत्म्याच्या बदली दुसरी कोणी व्यक्ती नव्हे. म्हणून अकर्तेपणाचा अर्थ जबाबदारी टाळणे असा काढता येत नाही.

उरतो साक्षीचा प्रश्न. सारे हलत असताना जायरो-हेडवरचा कॅमेरा डगमगत नाही, म्हणून त्याला वेदान्तातील अचल साक्षीची उपमा देण्याचा मोह होतो. ती उपमा नीट बसत नाही. कॅमेऱ्याचे स्थैर्य कमावलेले असते. प्रत्येक हादरा संवेदक टिपतात आणि मोटारी त्याच्या विरुद्ध दिशेने तेवढीच हालचाल करतात. म्हणजे हे स्थैर्य अखंड हालचालीतून निपजते आणि वीज गेली की संपते. शिवाय कॅमेरा गाडीबरोबर रस्ताही कापत असतो. वेदान्ती साक्षी अशा कशावरही अवलंबून नाही. तो दृश्य कधीच होत नाही, कॅमेरा मात्र दुसऱ्या कॅमेऱ्याला दिसतो आणि काळा रंग चुकला तर समोरच्या पत्र्यातही दिसतो.

म्हणून कॅमेरा कारचा दाखला अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देतो. दिसणारी गती पाहणाऱ्याच्या स्थितीवर अवलंबून असते आणि कर्ता ओळखण्यात डोळा चुकतो, हे तिच्यावरून दाखवता येते. पाहणारा शेवटी अचल आहे, हे वेदान्ताचे म्हणणे आणि असा वेगळा पाहणारा मुळातच नाही, हे नागार्जुनाचे म्हणणे, यांतला निवाडा तिच्याने होत नाही. तो डोळ्यांच्या साक्षीवर ठरणारा वाद नाही.