काढा, डॉक्टर आणि माझा हट्ट

आजचं चिंतन गीता अध्याय 6, श्लोक 17 वर.

खाणं, फिरणं, काम, झोप मापात असेल तर योग दुःख दूर करतो, असं भगवंत सांगतात. गेल्या पावसाळ्यात मी याचा सोयीचा अर्थ काढला. आईला ताप होता आणि मी तीन दिवस गुळवेलीचा काढाच देत राहिले. चौथ्या दिवशी तिला उभं राहवेना. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकलेली, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. डेंग्यू निघाला. डेंग्यूवर नेमकं औषध डॉक्टरांकडेही नाही. पण रक्ततपासणी, सलाईन आणि बारीक लक्ष, यानेच आई सावरली.

गांधीजींची माती-पाण्याच्या उपचारांवर केवढी श्रद्धा! तरी जानेवारी 1924 मध्ये, येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्सचा त्रास झाला, तेव्हा त्यांनी पुण्याच्या ससूनमध्ये ऑपरेशन करून घेतलं. आणि 1946 मध्ये त्यांनीच उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं. म्हणजे ऑपरेशनने श्रद्धा मोडली नाही.

हा श्लोक रोजच्या जगण्याबद्दल आहे. वेळेवर जेवण आणि झोप यांची जागा गोळी घेत नाही. तपासणीची जागा काढा घेत नाही. मी स्वतःला विचारलं, तो निसर्गावरचा विश्वास होता की माझंच खरं ठरावं हा हट्ट? उत्तर आवडलं नाही.

आज एवढं करूया: रात्री मोबाईल लवकर बाजूला. आणि घरात कुणाला ताप असेल, तर काढा द्या, पण डॉक्टरही गाठा. त्यांच्या हातांतही तोच आहे ना?

श्रीकृष्णार्पणमस्तु.