दधीची आणि शुनःशेप



लोककल्याणार्थ स्वतःच्या अस्थी अर्पण करणाऱ्या महर्षी दधीचींचे स्मरण आपण आदराने करतो. अस्थींतील मज्जा आज एका बालकाकडून दुसऱ्यास देता येते. त्यातूनच एक नवा धर्मप्रश्न उभा राहिला आहे.

थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक रोग. रोगी बालकास वारंवार दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते. जुळणारी मज्जा लाभल्यास रोग बरा होऊ शकतो. परंतु सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याचा संभव ४ पैकी १. मातापिता दोघेही रोगवाहक असल्यास, मज्जा जुळणारे आणि स्वतः या रोगापासून मुक्त असे अपत्य होण्याचा संभव १६ पैकी ३. म्हणून शरीराबाहेर फलधारणा करून, भ्रूणांची जनुकीय तपासणी करून, योग्य तोच भ्रूण मातेच्या उदरी ठेवतात. अशा निवडीने जन्मलेले पहिले बालक अमेरिकेत २००० साली जन्मास आले. आपल्या गुजरातेतही, अशाच रीतीने जन्मलेल्या भगिनीची मज्जा मार्च २०२० मध्ये अहमदाबादेस तिच्या थोरल्या बंधूस देण्यात आली.

हे पाप काय? लेकराच्या प्राणांसाठी झटणाऱ्या मातापित्यांस पापी म्हणण्यास जिव्हा धजत नाही. तथापि ऐतरेय ब्राह्मणातील कथा विसरू नये. अजीगर्ताचे तीन पुत्र. पित्याने ज्येष्ठास राखले, मातेने कनिष्ठास; मधला शुनःशेप मात्र हरिश्चंद्राच्या पुत्राऐवजी बळी देण्यासाठी शंभर गाईंना विकला गेला. देवांनी त्यास सोडविले. परंतु तो पित्याकडे परतला नाही. विश्वामित्रांनी त्यास पुत्र मानिले. प्राण वाचले, पण नाते तुटले ते तुटलेच.

दधीचींनी स्वेच्छेने दान केले. तान्ह्या बालकास कोण विचारणार? त्याच्या वतीने मातापिताच होकार देतात. म्हणून त्यांनी प्रथम स्वतःस विचारावे: मज्जा देऊनही थोरला वाचला नाही, तर धाकटीस तितक्याच मायेने उराशी धरू काय? वगळलेल्या भ्रूणांचा विचारही मनास टोचावा. ही परीक्षा ज्यांचे अंतःकरण उत्तीर्ण होईल, त्यांच्या हातून अजीगर्ताचा अपराध घडणार नाही.

पत्रिकेतील गुण जुळविणाऱ्या आपल्या समाजाने विवाहापूर्वी वधूवरांची रक्ततपासणीही करून घ्यावी. रोगवाहक कोण, हे तिने वेळीच कळते.

आणि ज्या घरी असे बालक जन्मेल, तेथे त्याचे बारसे, त्याचे हट्ट, त्याचे आयुष्य सर्वस्वी त्याचेच असो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.

शुभं भवतु.