आम्ही म्हणायचं की आपण?



गेल्या संक्रांतीला आमच्या नया बाजारच्या घरी हळदीकुंकू होतं. सेवेतल्या पंधरा-वीस जणी आल्या होत्या. ग्वाल्हेरची थंडी आपल्याला माहीतच आहे. सगळ्या शालीत गुंडाळलेल्या, तिळगुळाच्या शेजारी मुरैन्याची गजक, आणि मुलांचा डोळा त्या गजकेवर. शेजारच्या एक काकू सकाळपासून आमच्याबरोबर होत्या. वड्या त्यांनीच थापल्या, वाणाच्या पिशव्याही त्यांनीच भरल्या. पाच वाजता बायका यायला लागल्या, तशा त्या हात धुऊन स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही. काका जाऊन आठ वर्षं झाली.

आमची सून हिंदी घरातली, नवीनच आलेली. करंडा तिच्या हातात होता. सगळ्यांना हळदीकुंकू देऊन झाल्यावर ती आत डोकावली आणि सहज विचारून गेली, "मम्मीजी, हम सब तो यहाँ बैठे हैं, काकू अंदर क्यों हैं?"

कोणी काही बोललं नाही. एकीने चहाचं विचारून विषय बदलला. आम्हीही गप्पच राहिलो. पण रात्री भांडी आवरताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आज त्याच्यावरच आपल्याशी थोडं बोलावंसं वाटतंय.

सून "हम" म्हणाली. हिंदीत "हम" हा एकच शब्द. माळव्याकडच्या बोलण्यात "अपन" ऐकू येतं, पण पुस्तकातल्या हिंदीत "हम" म्हटलं की झालं. मराठीत मात्र दोन शब्द आहेत. "आम्ही जेवायला बसतो" म्हटलं तर समोरच्याने समजावं की पान आपल्यासाठी नाही. "आपण जेवायला बसू" म्हटलं की समोरचाही पंगतीत आला. गुजरातीत असे दोन शब्द आहेत, तमिळ-तेलुगूतही आहेत. शिवाय आपल्याकडे मोठ्या माणसाला मान द्यायलाही "आपण" हाच शब्द. म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारा शब्द आणि मान देणारा शब्द एकच. किती मोठा संस्कार एका शब्दात भरून ठेवलाय बघा!

पण गंमत अशी, की ज्यांच्या भाषेत दोन शब्द आहेत त्या आम्ही बायका त्या दिवशी "आम्ही" होऊन बसलो होतो. आणि जिच्या भाषेत एकच शब्द आहे, तिच्या मनात मात्र "आपण" होतं.

भाषा संस्कृती घडवते असं आपण नेहमी ऐकतो. आपल्या या गावाचंच बघा ना. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे 1810 मध्ये पडला. तळ उठला नाही, त्याचंच शहर झालं, आणि त्याचं नावही लष्करच राहिलं. दौलतगंज, शिंदे की छावनी, खासगी बाजार, ही नावं भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे घेतात. आपला वाडा इथे बाडा झाला. आपल्या घरातल्या मराठीत हिंदी शिरली आणि आपण "पाऊस गिरतोय" म्हणू लागलो. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत. दोनशे वर्षं दुसऱ्या भाषेच्या शेजारात राहून शब्द टिकले, ही काही लहान गोष्ट नाही.

पण नुसते शब्द टिकले म्हणजे संस्कृती टिकली का? शब्दामागे जो भाव होता तो टिकला का?

आपल्या आया-आज्यांचं बोलणं आठवा. घरून निघताना त्या कधी "जाते" म्हणाल्या नाहीत, "येते" म्हणाल्या. नारळ फोडला असं देवापुढे म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी फुटली तर ती "वाढवली". कुणाच्या मनाला धक्का लागू नये म्हणून आपल्या भाषेने केवढी काळजी घेतली आहे! काचेच्या बांगडीसाठीसुद्धा वाईट शब्द वापरायचा नाही. आणि जिच्या हातातली बांगडी जाते, त्या जिवंत बाईसाठी मात्र आपल्याकडे "पांढऱ्या कपाळाची" असे शब्द आहेत. ती समोर आली तर अपशकुन. काचेसाठी मऊ असणारी जीभ माणसासाठी कठोर कशी झाली, हे आपण स्वतःला विचारायला नको का?

आम्हाला वाटतं, की इथे तीन गोष्टींची गल्लत होते. एक असतं चिन्ह, दुसरी असते रीत, आणि तिसरं असतं मूल्य. कुंकू हे चिन्ह आहे. ते कोणाला लावायचं, कोणाला नाही, ही रीत. आणि घरी आलेल्या स्त्रीचा मान ठेवायचा, तिला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, चार जणींनी एकत्र बसून एकमेकींची विचारपूस करायची, हे मूल्य. चिन्ह आणि रीत हे भांडं आहे, मूल्य म्हणजे आतलं पाणी. भांड्याशिवाय पाणी नेता येत नाही, म्हणून भांडं टाकून देऊन चालणार नाही. पण भांडं रोज घासावं लागतं, हे आपल्या बायकांना काय सांगायचं? न घासलेल्या भांड्यात चांगलं दूधही नासतं.

चिन्ह मोठं कसं होतं, हे आपल्याच गावात दिसतं. महादजी शिंद्यांनी बीडच्या मन्सूरशहा अवलियांना गुरू मानलं. त्यांचं देवघर आजही बाड्याजवळच्या गोरखीत आहे. मराठा सरदार, सूफी गुरू, आणि त्या जागेला शब्द "देवघर"! तसाच आपला तानसेन समारोह. डिसेंबरात हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीजवळ सकाळी शहनाई होते, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते, आणि मग मिलाद होऊन चादर चढते. नारदीय कीर्तन ही आपली मराठी परंपरा. ती तिथे मिलादच्या शेजारी बसली म्हणून कमी मराठी झाली का? उलट सगळ्या गावाची झाली. "आम्ही"पासून सुरू झालेली गोष्ट "आपण"पर्यंत पोचली.

आणि नेमकं उलटं उदाहरणही याच गावात आहे. फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. नोव्हेंबर 1853 मध्ये गंगाधरराव गेले. जून 1858 मध्ये राणी ग्वाल्हेरला लढता लढता गेल्या. म्हणजे ज्या पराक्रमासाठी आपण त्यांना आठवतो, तो सगळा पराक्रम एका विधवेचा आहे. दर जूनमध्ये आपण मुलांना घेऊन तिथे जातो, फुलं वाहतो, नमस्कार करतो. मग विचार करा, राणी आज आमच्या घरी संक्रांतीला आल्या असत्या, तर त्यांना कुठे बसवलं असतं? स्वयंपाकघरात?

हे लिहिताना आमची मान खाली जाते, कारण करंडा आमच्या घरचा होता.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. आमच्या थोरल्या जाऊबाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, आधीच नातवंडं मराठी बोलत नाहीत. सणवार उरकून टाकतात. त्यात तुम्ही एकेक रीत बदलायला लागलात तर उरणार काय?" त्यांचं म्हणणं हसून सोडून देण्यासारखं नाही. परमुलखात राहणाऱ्या माणसाला आपल्या रीती घट्ट धराव्याशा वाटतात. महाराष्ट्रात आजूबाजूला सगळीच मराठी असते. इथे आपलं मराठीपण घराच्या उंबऱ्याच्या आतच उरतं. तेही सुटेल ही भीती खरी आहे.

पण ज्या मुलखाची रीत म्हणून आपण ही धरून बसलो, तिथे काय चाललंय? कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव करून मनं लगेच बदलत नाहीत, हे खरं. पण एक अख्खं गाव एकत्र बसून "हे चुकतंय" म्हणालं, ते काय मराठीपण सोडून? तेही मराठीपणच आहे. आपण मात्र आजीच्या वेळची रीत बर्फात ठेवल्यासारखी जपतोय.

आणि मुलांचं म्हणाल, तर मुलं रीतीपासून दूर का जातात? त्यांना कंटाळा येतो हे आहेच. पण त्यांना त्यात अन्याय दिसतो, हेही आहे. आपण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही आणि "असंच असतं" म्हणतो, तेव्हा मूल फक्त ती एक रीत सोडत नाही. त्याच्याबरोबर सणही सोडतं, आणि हळूहळू भाषाही. सुनेने प्रश्न विचारला म्हणजे तिला आपल्या रीतीत रस आहे. रस नसता तर तिने करंडा खाली ठेवला असता आणि फोन बघत बसली असती.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकूंकडे गेलो. मनात ठरवूनच गेलो होतो, की पुढच्या वेळी पहिलं कुंकू त्यांना लावायचं. तसं त्यांना सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला कुंकू नको. आता सवय नाही, आणि मनही होत नाही. पण मला सगळ्यांत बसू द्या."

आम्हाला वाटलं होतं, आपण मोठं काम करायला निघालो आहोत. त्यांच्या एका वाक्याने आमचा तोही अहंकार उतरला. रीत पाळतानाही आम्ही त्यांना विचारलं नव्हतं, आणि रीत मोडायला निघालो तेव्हाही विचारणार नव्हतो. दोन्ही वेळा निर्णय "आम्ही"च घेतला होता. कोणाला कुंकू हवं असेल, कोणाला नको असेल. हवं असेल तिला आनंदाने लावावं, नको असेल तिला आग्रह करू नये. पण बसायला जागा, हातात वाण आणि ओटीत मान, हे विचारायची गरज नाही. ते प्रत्येकीचं आहेच.

गुरुमाउलींच्या समोर आपण सगळे एकाच सतरंजीवर बसतो. तिथे कोणी कोणाचं कपाळ बघत नाही. मग घरी आल्यावर ती सतरंजी आपण का गुंडाळून ठेवतो? आपल्या सेवेचा खरा कस केंद्रात लागत नाही, आपल्या दिवाणखान्यात लागतो.

येत्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी कैरीची डाळ आणि पन्हं असेलच. काकू दिवाणखान्यात बसतील, डाळीची वाटी त्यांच्या हातात आधी जाईल. जाऊबाईंनाही बोलावलं आहे. त्या "बघते" म्हणाल्या आहेत.

आपल्या सगळ्यांना एवढीच विनंती, की हा निरोप आपापल्या घरच्या ग्रुपवर टाकून द्यायच्या आधी एकदा स्वतःच्या घरात बघावं. समारंभाच्या दिवशी आपल्याकडे कोण आपणहून आत जाऊन बसतं? विधवा बहीण असेल, मूल न झालेली वहिनी असेल, नवऱ्यापासून वेगळी राहणारी भाची असेल. तिच्याजवळ जाऊन बसावं आणि तिला काय हवं ते तिलाच विचारावं. आणि बोलावताना शब्द नीट निवडावा. "आम्ही हळदीकुंकू करतोय, तुम्ही या" असं म्हणण्यापेक्षा "आपण हळदीकुंकू करूया" म्हणावं.

काही चुकीचं लिहिलं असेल तर मोठ्यांनी हक्काने सांगावं. सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. येतो.

॥ श्रीगुरुचरणी अर्पण ॥