नकार देणारा घोडा

घोड्याच्या अंगी धैर्य असते काय, हा प्रश्न वाचकांस प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. आम्हांसही तो अगदी अलीकडेपर्यंत तसाच वाटत होता. परंतु इंग्लंडातील अडथळ्यांच्या शर्यतींची जुनी चित्रणे पाहण्याचा नाद आम्हांस जडला, आणि कचेरीतून परतल्यावर दिल्लीच्या थंडीत रजई गुडघ्यांवर ओढून ती पाहता पाहता हा प्रश्न मनातून हलेनासा झाला.

आपल्याकडील शर्यती बहुधा सपाट मैदानावरच्या. तेथे वेग हेच सर्वस्व. लिव्हरपूलजवळ एन्ट्रीच्या मैदानावर होणारी ग्रँड नॅशनल ही निराळीच चीज आहे. सव्वाचार मैलांहून अधिक दौड आणि वाटेत तीस उड्या! दमदार छाती व बळकट पुठ्ठे हवेतच. पण त्याहून मोलाचा तो अंदाज. कुंपण जवळ येताच पावले आखडावयाची की लांबवावयाची, याचा निर्णय क्षणार्धात व्हावा लागतो. त्यातून घोड्याचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंस. अगदी नाकासमोरचे त्यास दिसत नाही. ऐन उडीच्या क्षणी तो काहीसा स्मरणावरच झेपावत असतो. १९७३, १९७४ आणि १९७७ साली ही शर्यत जिंकणारा व मधल्या दोन वर्षी दुसरा येणारा रेड रम या शर्यतीत पाच वेळा धावला आणि एकदाही पडला नाही. झेप घेण्यापूर्वी तो जणू जमीन वाचीत असे.

इथवर मतभेद नाही. मतभेद आहे तो जाणकार ज्यास ‘काळीज’ म्हणतात त्याविषयी. थकला तरी जो हटत नाही, तो मोठ्या काळजाचा. आमची शंका अशी की, पाठीवर स्वार आणि स्वाराच्या हाती चाबूक असता पुढे जाणे, यास धैर्य म्हणावे की आज्ञापालन? कोणी म्हणेल, स्वार पडला तरी कित्येक घोडे मोकळेच धावत, उड्या घेत राहतात. खरे आहे, पण ती कळपाची ओढही असू शकेल. १९६७ साली पॉपहॅम डाउन हा असाच मोकळा घोडा तेविसाव्या कुंपणापुढे आडवा झाला आणि मागून येणाऱ्यांची तेथेच कोंडी झाली. बराच मागे राहिलेला फॉइनाव्हन तेवढा वाट काढून गेला व जिंकला!

या प्रश्नाचा उलगडा आम्हांस गोल्डन मिलरपाशी थोडासा झाला. १९३२ पासून सलग पाच वर्षे चेल्टनमचा गोल्ड कप त्याने जिंकला. १९३४ साली तर त्याच वर्षीची ग्रँड नॅशनलही. १९३५ साली एन्ट्रीवर सर्वांचा भरवसा त्याच्यावरच होता. तेथे त्याने स्वारास खाली टाकले. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या शर्यतीत, पहिल्याच कुंपणाशी पुन्हा तेच. मालकीणबाई व प्रशिक्षक यांचे बिनसले आणि घोडा दुसऱ्याच्या हाती गेला. १९३६ च्या वसंतात त्याने पाचवा गोल्ड कप जिंकला, आणि लगेच ग्रँड नॅशनलमध्ये पहिल्या कुंपणाशी पडून, पुन्हा स्वार चढल्यावर, पुढे एका कुंपणासमोर साफ उभा राहिला. १९३७ सालीही त्याने उडी नाकारली. काळीज गेले म्हणावे, तर चेल्टनमला ते कोठून आले?

आम्ही एका कचेरीतील कारकून. बारा वर्षांत समोर आलेली फाइल आम्ही परत लोटलेली नाही आणि वार्षिक अहवालांत त्याबद्दल बरे शेरे आहेत. गेल्या वर्षी एका निवृत्त शिपायाच्या हक्काच्या पैशांआड येणाऱ्या टिपणाखाली, ते अन्यायाचे आहे हे उमगत असूनही, आम्ही आद्याक्षरे केली. तेच टिपण आमच्या शेजारच्या टेबलावरील गृहस्थांनी आधी परत धाडले होते. त्यांच्या वाट्यास ‘सहकार्याची वृत्ती नाही’ असा शेरा आला. आमचा शेरा उत्तम होता. घरी तो आम्ही वाचूनही दाखविला.

तेव्हापासून रेड रमविषयीचा आमचा आदर उणावलेला नाही; तो घोडा थोरच. परंतु त्याचे चित्रण पाहताना, तो नाही म्हणू शकला असता काय, हे आम्हांस कळावयास मार्ग नाही. गोल्डन मिलरचे कळते. १९३७ नंतर त्यास ग्रँड नॅशनलमध्ये पुन्हा उतरविले नाही. पुढल्या वर्षी, अकराव्या वर्षी, तो चेल्टनमला धावला, सगळ्या उड्या घेतल्या आणि दुसरा आला.