चिकावर पहिला हक्क

वसुबारसेला आपण सवत्स धेनूची पूजा करतो, त्या दिवशी गाईचे दूधही वर्ज्य मानतो. म्हशीच्या रेडकाला मात्र आपल्या पंचांगात जागा नाही.

माझे बालपण बेळगावात गेले. म्हैस व्याली की आमचे गवळीमामा तांब्याभर चीक आणून देत. आई गूळ-वेलदोडा घालून खरवस करी. एक वाटी शेजारच्या कानडी काकूंकडे जाई. त्या त्याला ‘गिण्णु’ म्हणत. नावे दोन, चव एक.

एकदा मामांच्या गोठ्यात गेलो. म्हशीपुढे पेंढा भरलेले कातडे उभे होते. ती ते चाटत होती, पान्हा सोडत होती. “रेडा होता रे बाळा,” मामा म्हणाले. “त्याला पाजलं तर रतीब कशाचा घालू?”

पुढे कळले, की रोगाशी झुंजण्याचे बळ वासराला आईच्या पोटात मिळत नाही. ते चिकातूनच मिळते, तेही पहिल्या काही तासांत. दिवस उलटला, की त्याचे आतडे ते बळ शोषून घेईनासे होते. म्हणजे आमच्या वाटीत केवळ गोडधोड नव्हते.

मग दोषी मामाच का? ट्रॅक्टर आला, रेड्याचे काम गेले. रेतन सुईने होऊ लागले. दुधाचा भाव रुपयाने वाढला तरी कुरकुरणारे आपणच. युरोपीय संघात २००७ पासून आठ आठवड्यांवरील वासराला एकटे कोंडण्यास मनाई आहे. आपल्याकडे तशा पेट्या नाहीत, हे खरे. पण हुंदडायच्या वयात आखूड दाव्याला बांधलेले रेडकूही कोंडलेलेच.

उपयोग नसलेल्या जिवाचे आपण काही देणे लागतो का? मला वाटते, लागतो. ते जन्मले म्हणूनच म्हैस दुधाला आली. त्याचा उपयोग आपण आधीच करून घेतला आहे. उरले आहे ते देणे.

खरवस सोडा, असे मी म्हणत नाही. दुभत्या म्हशीचा चीक पिल्लू पिऊनही उरतो. प्रश्न आधी कोण, एवढाच आहे. आता कोणी चीक आणला, की मी विचारतो, “रेडकू प्यालं का?” समोरचा घुटमळला, तर तांब्या परत देतो, पैसे मात्र ठेवून घ्यायला सांगतो. घरातली पोरे हिरमुसतात. त्यांनाही ही गोष्ट सांगावी लागते.